देवळालीचा ताप

शब्दांच्या नोंदी लिहिण्यात पुष्कळ वर्षं गेली की एक खोड जडते. सुबक व्युत्पत्ती समोर आली की आनंदाआधी संशय येतो. खऱ्या व्युत्पत्त्या बहुधा ओबडधोबड असतात, मधले दुवे गहाळ असतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून फारशी गंमत मिळत नाही. खोट्या मात्र गोष्टीसारख्या गोळीबंद असतात. ही खोड मला ज्या शब्दांनी लावली त्यात ‘डूलॅली’ या इंग्रजी शब्दाचा नंबर बराच वर लागेल. ब्रिटनमध्ये आजोबा चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधायला लागले, संगणक मनाला येईल ते करायला लागला, एखादा माणूस क्षुल्लक गोष्टीवरून एकदम सैरावैरा झाला, की ‘गॉन डूलॅली’ म्हणतात. शिवी म्हणावी तर त्यात विखार नाही, निदान म्हणावं तर त्यात गांभीर्य नाही. इंग्रजी कोशात तो आता लहान अक्षराने छापतात, म्हणजे विशेषनामाचा मानही गेला. आणि हे विशेषनाम म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली.

देवळालीचा वेडाशी संबंध काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: तिथे म्हणे गोऱ्या सोल्जरांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं. मराठी माणसाला हे उत्तर चटकन पटतं, कारण आपल्या भाषेची रीतच तशी आहे. ‘याला आता ठाण्याला न्या’ किंवा ‘येरवड्याची वाट धरली वाटतं’ असं म्हटलं की गावाचं नाव पुरतं, इस्पितळाचा उल्लेखही करावा लागत नाही. हिंदीत हेच काम आग्रा आणि रांची करतात. इंग्रजीतही दाखले आहेत. लंडनच्या बेथलेहेम इस्पितळाच्या नावाचा उच्चार झिजत झिजत ‘बेडलम’ झाला आणि त्याचा अर्थ गोंधळ, हलकल्लोळ असा झाला. साचा असा तयार असला की नवा शब्द त्यात ओतायला कुणाला कष्ट पडत नाहीत. नेमक्या याच कारणासाठी मी या उत्तरापाशी थबकतो. इंग्रजीतल्या ‘बार्मी’ या शब्दाचंही असंच झालं. केंट परगण्यात बार्मिंग नावाच्या जागी वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून वेडगळ माणूस ‘बार्मी’, असं आजही सांगितलं जातं. पण ‘बार्म’ म्हणजे बिअर आंबताना वर येणारा फेस. डोक्यात फेस भरलेला तो ‘बार्मी’, आणि हा शब्द त्या इस्पितळाहून कितीतरी जुना आहे. साच्यात बसणं हा पुरावा नव्हे, हे कोशाच्या कामातलं पहिलं पथ्य.

मग पुरावा कशाला म्हणायचं? आधी शब्दाचं पूर्ण रूप पाहावं. आज उरलेला ‘डूलॅली’ हा तुकडा आहे. मूळ बोली ‘डूलॅली टॅप’ अशी जोडशब्दाची होती, आणि ऑक्सफर्डचा मोठा कोश त्यातल्या ‘टॅप’चा उगम हिंदुस्थानीतल्या ‘तप’ या शब्दात दाखवतो. तप म्हणजे ज्वर, आपला ताप. म्हणजे पूर्ण अर्थ झाला ‘देवळालीचा ताप’. आता गावाचं नाव आणि पुढे आजार, ही रचना कुठली? त्या काळच्या लष्करी दवाखान्यातली. ‘माल्टा फीवर’, ‘दिल्ली बॉइल’ म्हणजे दिल्लीचं गळू, ‘मदुरा फूट’ म्हणजे पाय सडवणारा मदुरेचा रोग. साम्राज्यभर फिरणाऱ्या पलटणींना गावोगावच्या नावांचे आजार तोंडपाठ होते. त्याच थाटात कुणा टॉमीने, म्हणजे साध्या गोऱ्या शिपायाने, एक आजार स्वतः जाहीर केला: याला देवळालीचा ताप चढलाय. इस्पितळाचं नाव वेडासाठी वापरताना माणूस ‘तिथे पाठवा’ असं म्हणतो. इथे बोली आहे ‘त्याला झालाय’ अशी. या व्याकरणात इस्पितळाला जागाच नाही. हे डॉक्टरी निदानाचं विडंबन आहे.

आणखी एक गोष्ट या बाजूने बोलते. गोऱ्या शिपायांकडे वेडासाठी हिंदुस्थानी शब्द आधीच होता. ‘पागल’चं त्यांनी ‘पगल’ आणि पुढे ‘पगल्ड’ केलं होतं. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही तो ‘पागल’ वेशांतर करून बसलेला आहे. घरात एक भांडं असताना दुसरं आणलं, तर त्यात काहीतरी वेगळं ठेवायचं असणार. ‘डूलॅली टॅप’मध्ये वेगळं काय ठेवलं होतं, हाच खरा प्रश्न.

त्याआधी एका मराठी सापळ्याविषयी सांगायला हवं, कारण त्यात पाय अडकायला फारसा वेळ लागत नाही. ‘तप’ हा शब्द दिसला की मराठी वाचकाला ताप आठवत नाही. त्याला तपश्चर्या आठवते, आणि बारा वर्षांचा काळही आठवतो. आता १८७० च्या ब्रिटिश लष्करभरती कायद्याकडे पाहा. त्यात शिपायाच्या करारनाम्याची मुदत बारा वर्षं होती: सुरुवातीला सहा वर्षं पलटणीत आणि सहा राखीव दलात. एक तपाची नोकरी, देवळालीला वाट पाहण्याची तपश्चर्या, आणि शब्द ‘डूलॅली तप’! इतकं नेमकं जुळतं की खोटं म्हणवत नाही. पण ते खोटंच आहे. टॉमीच्या कानावर पडत होती ती बाजारची आणि छावणीची हिंदुस्थानी, तिच्यात ‘तप’ फारसीतून आलेला आहे आणि त्याचा अर्थ ताप. फारसी ‘तप’ आणि संस्कृत ‘ताप’ फार मागे जाऊन एकाच धातूला मिळतात, त्यामुळे नातं आहे खरं, पण ते चुलत घराण्यातलं. कराराची बारा वर्षं आणि मराठीतलं तप हा निव्वळ योगायोग. योगायोगाला पुरावा म्हणून साक्षीला उभं करायचा मोह शब्दांच्या कामात रोज होतो. ज्याला दोन भाषा येतात त्याला दुप्पट होतो.

आता छावणीकडे. देवळालीची छावणी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीची. १८६५ मध्ये कसारा घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबईचं बंदर देवळालीपासून एका रेल्वेप्रवासाच्या अंतरावर आलं. जागा दोन्ही कामांची ठरली. विलायतेहून बोटीने आलेले नवे शिपाई आधी देवळालीला उतरवायचे आणि मग देशभरच्या पलटणींकडे पाठवायचे. उलट्या दिशेने, करार संपलेल्यांना देशभरातून गोळा करून देवळालीला ठेवायचं आणि बोट लागली की मुंबईला न्यायचं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला, खास हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी बांधलेल्या ‘मलबार’, ‘क्रोकोडाइल’, ‘सेरापिस’ यांसारख्या बोटी धावू लागल्या, आणि १८७० च्या कायद्याने नोकरीची मुदत आखूड केल्यामुळे ये-जा करणाऱ्यांची संख्या वाढली. पण बोटी बारमाही नव्हत्या. सैन्य ने-आण करण्याचा हंगाम थंडीच्या महिन्यांचा. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून गर्दीने भरलेली बोट नेणं म्हणजे माणसं भाजून काढणं, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला. ज्याची मुदत हंगाम सरल्यावर संपली त्याने पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. नोकरी संपलेली, घर मिळालेलं नाही, करायला काम नाही, कवायतीचा धाक सैल, खिशात थोडे पैसे, आणि समोर बाजार.

या थांबण्याविषयी सर्वांत मोकळेपणाने लिहिलं ते फ्रँक रिचर्ड्झ याने. वेल्सकडचा खाणकामगार, रॉयल वेल्श फ्यूझिलिअर्समधला शिपाई, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. पुढे पहिलं महायुद्ध सगळं लढला आणि बढती घ्यायला त्याने नकारच दिला. १९३६ मध्ये निघालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या त्याच्या पुस्तकात देवळालीतल्या मुदत संपलेल्या शिपायांचं वर्णन आहे. महिनोन् महिने बोटीची वाट पाहायची. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर डाग नव्हता अशी माणसं या शेवटच्या टप्प्यावर बिघडायची. कुणी मारामारी करून तुरुंगात जायचे, कुणाला बाजारातल्या रोगाची लागण व्हायची. घरी जायच्या दारात उभा असलेला माणूस दारातच कोसळायचा. पलटणीत कुणी विचित्र वागायला लागलं की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असं म्हणायची रीत कशी पडली, हे तो इथूनच उलगडतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. रिचर्ड्झने लिहिलं ते हिंदुस्थान सोडल्यानंतर पाव शतकाने. शब्द तोवर महायुद्धामुळे सगळीकडे पसरला होता, त्याच्यावर स्पष्टीकरणं चढली होती. म्हाताऱ्या शिपायाने ऐकीव व्युत्पत्तीलाच आठवणीचं रूप दिलं नसेल कशावरून? एकट्या त्याच्या शब्दावर भिस्त असती तर मीही नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं असतं. पण तीन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येतात. ‘टॅप’चा अर्थ आणि शब्दरचनेचं व्याकरण एक, छावणीचं काम आणि बोटींचं वेळापत्रक दुसरं, आणि त्या जागेतून गेलेल्या माणसाची साक्ष तिसरी. यातली पहिली वाट भाषेची, दुसरी सरकारी व्यवस्थेची. त्यांना रिचर्ड्झच्या स्मरणशक्तीशी देणंघेणं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की या शब्दात ठेवलेली वेगळी वस्तू म्हणजे वाट पाहणं. ‘पगल्ड’ माणूस दारूने किंवा उन्हाने झाला असेल. ‘डूलॅली टॅप’ झालेला थांबून थांबून झाला.

उन्हाचं नाव निघालंच आहे तर तेही पाहू. उष्ण देशातल्या उन्हाने गोऱ्यांची डोकी फिरली, ही समजूत इंग्रजी कादंबऱ्यांनी इतकी रुजवली आहे की ‘ताप’ या शब्दातही लोक ऊन पाहतात. पण देवळाली समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर, हवा कोरडी, रात्री गार. छावणीसाठी ती निवडली जाण्यात या हवेचा वाटा होता. आपल्याकडे तर देवळालीची ख्यातीच हवापालटासाठी. मुंबईच्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी तिथे सॅनिटोरियमं बांधली, छाती सुधारायला माणसं महिना महिना जाऊन राहायची. तीच हवा, तोच रस्ता, तीच निवांत दुपार. गिरगावातल्या खोलीतून सुटून आलेल्याला ती औषध वाटे आणि घरी जायला निघालेल्या टॉमीला विष. फरक हवेत नव्हता. एकाला परतीची तारीख माहीत होती, दुसऱ्याला नव्हती.

इस्पितळाच्या गोष्टीलाही थोडा न्याय द्यायला हवा. परतीची छावणी म्हटली की आजारी शिपाईही तिथूनच जाणार, आणि त्यांच्यात मनाने कोसळलेलेही असणार. अशा सैनिकांची खरी रवानगी होई ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली इथल्या लष्करी इस्पितळात. त्याचा ‘डी ब्लॉक’ १८७० पासून मनोरुग्णांसाठी होता. तेव्हा वाटेत थांबलेले असे रुग्ण पाहून देवळालीचं नाव वेडाशी आणखी घट्ट जोडलं गेलं असेल, हे शक्य आहे. मी एवढंच म्हणतो की तो धागा दुय्यम आहे, आणि कोशातली एक ओळ लिहिताना दुय्यम धागा आधी ओढला तर सगळी वीण बिघडते.

मग छावणी १८६० च्या दशकातली, आणि ऑक्सफर्डच्या कोशाला सापडलेला पहिला छापील दाखला १९२५ चा, फ्रेझर आणि गिबन्स यांच्या सैनिकी व दर्यावर्दी शब्दांच्या संग्रहातला. मधली साठ वर्षं शब्द कुठे होता? यावरून तो महायुद्धातच जन्मला असं म्हणणारे आहेत. नवख्या कोशकाराला सालाची फार भीड वाटते. छापील साल म्हणजे जन्मसाल, असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात ते शाळेत नाव घातल्याचं साल असतं. हॉब्सन-जॉब्सनसारख्या कोशात जे शब्द जमले ते प्रवासवर्णनांतून, कंपनीच्या कागदांतून, अधिकाऱ्यांच्या पत्रांतून, म्हणजे लिहिणाऱ्यांच्या जगातून. बराकीतला शिपाई लिहीत नव्हता, बोलत होता. १९१४ नंतर एकदम लाखो शिकलेली माणसं साधे शिपाई म्हणून भरती झाली, जुन्या शिपायांच्या शेजारी खंदकात बसली, आणि तेव्हा कुठे त्या बोलीला टिपून घेणारे कान मिळाले. ‘ब्लायटी’ म्हणजे ‘विलायती’, ‘कुशी’ म्हणजे आपलं ‘खुशी’, ‘बक्षी’ म्हणजे ‘बक्षीस’, हे सगळे बराकीतून बाहेर पडले ते याच लोंढ्यात. खुद्द रिचर्ड्झला पुस्तक लिहिताना रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीचा हात लागला होता. शब्दाला कागदावर यायला जी उशिराची शिक्षा होते ती त्याच्या वयावरून होत नाही, बोलणाऱ्याच्या पायरीवरून होते. मराठी कोशांत बायकांच्या चुलीजवळच्या, बलुतेदारांच्या हत्यारांच्या शब्दांचं असंच झालं आहे.

असा शब्द एकट्या ब्रिटिशांनाच लागला असंही नाही. उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये ‘काफार’ होता. शब्दशः झुरळ, पण अर्थ वाळवंटातल्या चौकीवर कंटाळ्याने पोखरलेलं डोकं. त्याहून जुना दाखला ‘नॉस्टॅल्जिया’चा. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलला लिहिलेल्या प्रबंधात हा शब्द घडवला, तेव्हा ते खरंखुरं दुखणं होतं, परमुलखातल्या स्विस माणसांना आणि पुढे त्यांच्या भाडोत्री सैनिकांना होणारं. आज त्यातून जुन्या गाण्यांचे कार्यक्रम निघतात. ‘शेल शॉक’ १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका डॉक्टरच्या लेखातून छापील जगात आला आणि त्याच्यावर समित्या बसल्या. देवळालीच्या तापाला मात्र एकही डॉक्टर मिळाला नाही. रोग्यांनीच ठेवलेलं नाव, रोग्यांनीच केलेली थट्टा. त्यामुळे बहुधा तो इतका हलका राहिला.

पुढे घडलं ते असं की ‘टॅप’ गळून पडला. इंग्रजी कानाला टॅप म्हणजे पाण्याचा नळ, नाहीतर टपली. डोक्याला टपली बसलेला, असा अर्थ काहींनी लावला तर नवल नाही. ताप हा अर्थ एकदा हरवला की शेपूट निरुपयोगी झालं. उरलं गावाचं नाव, आणि गाव कुणाला ठाऊक नव्हतं. मग नामाचं विशेषण झालं. यात आवाजाचा वाटा मोठा. ‘डिली-डॅली’, ‘ला-ला’, ‘लूपी’, ‘गागा’ अशा खुळखुळ्यासारख्या शब्दांच्या पंगतीत ‘डूलॅली’ सहज मांडी घालून बसतो. मराठीतून गेलेल्या मुंगसाचं इंग्रजीत ‘मंगूस’ झालं आणि त्याच्या शेपटीला हंस चिकटला, तसाच हा कानाचा कारभार. इथे कुणी म्हणेल की शब्द नादामुळेच टिकला असेल, तर छावण्या आणि बोटी उकरण्यात काय हशील? शिवाय उगम म्हणजे अर्थ नव्हे, हे तर भाषाशास्त्राचं पहिलं बाळकडू. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. आज संगणकाला ‘डूलॅली’ म्हणणारा चुकतोय असं म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण नाद शब्द का टिकला ते सांगतो, का जन्मला ते सांगत नाही. आणि कोशात व्युत्पत्तीची ओळ लिहायचीच असेल तर ती खरी हवी, कारण चुकीच्या ओळीतून एका गावाच्या माथी वेड्यांचं इस्पितळ मारलं जातं.

ब्रिटिश प्रेक्षकांना देवळाली पुन्हा दाखवली ती बीबीसीच्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेने, १९७४ ते १९८१ या काळात. तोफखान्याच्या छावणीतलं नाटक मंडळ आणि त्यांच्या गमतीजमती. तिचा एक लेखक जिमी पेरी स्वतः सैनिक म्हणून देवळालीला होता. हिंदुस्थानी नोकराचं काम गोऱ्या नटाला रंग फासून दिल्यामुळे ती मालिका आता वादग्रस्त ठरली आहे, आणि ते योग्यच. पण विनोदाचं मूळ तिथेही तेच होतं: लढाई दूर, घर दूर, आणि मधल्या वेळेत काय करायचं ते सुचत नाही.

इंग्रजी-मराठी कोशात या शब्दापुढे काय लिहायचं हा प्रश्न दिसतो त्याहून चिवट आहे. ‘वेडा’ फार जड. ‘भ्रमिष्ट’ला औषधाचा वास येतो. ‘चक्रम’ स्वभावाला लागू पडतो, म्हणजे माणूस पहिल्यापासून तसा असावा लागतो, आणि ‘डूलॅली’ माणूस कालपर्यंत ठीक होता. ‘सरकलेला’ जवळचा आहे, पण त्यात थोडी चीड आहे. मला ‘खुळावणे’ हे क्रियापद सर्वांत बरं वाटतं. त्यात काहीतरी होत गेल्याची चाल आहे आणि बोलणाऱ्याची माया शाबूत राहते. वाट पाहणं मात्र त्यातही येत नाही. ते आता इंग्रजीतल्या शब्दातही उरलेलं नाही, तेव्हा भाषांतरकाराला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

शब्द परत मात्र आला. २००९ मध्ये पुण्यात जागेवरच बिअर गाळणारी ‘डूलॅली’ नावाची मद्यशाळा निघाली आणि नंतर मुंबईत त्याच नावाची ‘टॅपरूम’ उघडली. देवळालीपासून तीन-चार तासांच्या अंतरावर, रोमन लिपीत, इंग्रजी स्पेलिंगसह. मागेच गळून पडलेला ‘टॅप’ही पाटीवर पुन्हा शेजारी येऊन उभा राहिला आहे. फक्त आता तो बिअरच्या तोटीचा आहे.